पन्नास दिवसांचं काम, चौदा कोटी फेरे

दिग्रसहून दारव्हामार्गे यवतमाळ साधारण सत्तर किलोमीटर. कलेक्टर ऑफिसचं काम, मोठा दवाखाना, पोरांचं कॉलेज, लग्नाचा बस्ता, काही ना काही निमित्तानं दिग्रसकर हा रस्ता वर्षभर तुडवत असतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग दिग्रसवरून जाणार आहे. तो पूर्ण होईपर्यंत सगळी भिस्त रस्त्यावर आणि गाडीच्या इंजिनावर.

सत्तर किलोमीटरच्या या एका खेपेत, चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्वच्या साध्या इंजिनात व्हॉल्व एकूण किती वेळा उघडतात? सुमारे ६ लाख ७२ हजार वेळा. दोनदा जाऊन-येऊन झालं की हा आकडा २६ लाख ८८ हजारांवर पोचतो. २०११च्या जनगणनेत अख्ख्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ भरली होती. म्हणजे जिल्ह्यातल्या जवळजवळ दर माणसामागे एकदा कुठला तरी व्हॉल्व ठरल्या क्षणी उघडला आणि ठरल्या क्षणी मिटला. दोन फेऱ्यांत एवढं सगळं घडलं आणि एकही वेळ चुकली नाही.

ही वेळ सांभाळतो जेमतेम इंचभर रुंदीचा, दातेरी, रबरी पट्टा. गॅरेजमध्ये त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. इंजिनाच्या एका अंगाला, प्लॅस्टिकच्या झाकणाआड तो बसलेला असतो. ऑइलसारखा तो डिपस्टिकवर दिसत नाही, टायरसारखा झिजताना नजरेला पडत नाही, ब्रेकसारखी कुरकुर करत नाही. म्हणूनच तो कधी बदलायचा हा निर्णय बहुतेक जण पुढे ढकलतात. तो ढकलू नये, एवढंच मला सांगायचं आहे, आणि त्यासाठी आकड्यांइतका भक्कम साक्षीदार दुसरा नाही.

एका किलोमीटरचा हिशेब

ताशी ५० किलोमीटरच्या चालीला इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतं, असं धरू. तासाला झाले १,२०,००० फेरे आणि अंतर कापलं ५० किलोमीटर. म्हणजे दर किलोमीटरला इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, क्रँकशाफ्टचे, २,४०० फेरे. पट्ट्यानं क्रँकला जोडलेला, व्हॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट याच्या नेमक्या निम्म्या गतीनं फिरतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, आणि त्या एका फेऱ्यात प्रत्येक व्हॉल्व एकदा उघडतो. दर किलोमीटरला प्रत्येक व्हॉल्व १,२०० वेळा. आठ व्हॉल्व मिळून ९,६००. खेपेचा आकडा यातूनच आला.

आता हेच गणित ६० हजार किलोमीटरपर्यंत नेऊ. पट्टा बदलण्यासाठी कंपन्या आपापल्या इंजिनाप्रमाणे वेगवेगळे आकडे देतात. कुणाचा ६० हजार, कुणाचा लाखाच्या घरात, कुणाचा त्याहून पुढे. ६० हजार किलोमीटरमध्ये क्रँकचे फेरे होतात १४ कोटी ४० लाख. प्रत्येक व्हॉल्व ७ कोटी २० लाख वेळा उघडतो. सोळा व्हॉल्वचं इंजिन असेल तर सगळे मिळून ११५ कोटींहून अधिक वेळा. पिस्टन वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो. प्रत्येक पिस्टन अशा २८ कोटी ८० लाख थांब्यांतून जातो.

आणि एवढ्या कामाला वेळ किती? ताशी ५० किलोमीटरनं ६० हजार किलोमीटर म्हणजे १,२०० तास. सलग चालवलं तर ५० दिवस आणि ५० रात्री. माणसाचं हृदय मिनिटाला ७२ ठोके टाकतं असं धरलं, तर १४ कोटी ४० लाख ठोक्यांना त्याला पावणेचार वर्षांहून जास्त लागतात. पट्टा तेवढं काम पन्नास दिवसांत उरकतो.

इंजिनातल्या इंजिनात पृथ्वीप्रदक्षिणा

पट्टा स्वतः किती धावतो, तेही बघण्यासारखं आहे. क्रँकवरच्या चाकाला २० दाते आणि दोन दात्यांमधलं अंतर ९.५२५ मिलिमीटर धरू. हे माप अशा पट्ट्यांत सर्रास वापरलं जातं. क्रँकच्या एका फेऱ्याला पट्टा १९ सेंटिमीटर सरकतो. किलोमीटरच्या २,४०० फेऱ्यांत ४५७ मीटर. गाडी यवतमाळला पोचते तेव्हा पट्टा इंजिनात ३२ किलोमीटर धावलेला असतो. साठ हजार किलोमीटरला त्याची धाव भरते २७,४३२ किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर आहे ४०,०७५ किलोमीटर. गाडीच्या मीटरवर साडेसत्त्याऐंशी हजारांच्या पुढचा आकडा दिसू लागला, की हातभर जागेत फिरणाऱ्या या पट्ट्याची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झालेली असते.

नुसती धावही नाही. पट्ट्याला १२० दाते असतील तर त्याची लांबी होते ११४ सेंटिमीटर, आणि क्रँकच्या सहा फेऱ्यांत तो एक पूर्ण वळसा घालतो. किलोमीटरला ४०० वळसे, साठ हजार किलोमीटरला २ कोटी ४० लाख. प्रत्येक वळशात तो क्रँक, कॅम, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप अशा चार चाकांवर वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. म्हणजे पट्ट्यावरची कुठलीही एक जागा साडेनऊ कोटींहून अधिक वेळा वाकते. या वाकण्यातच त्याचं आयुष्य खर्ची पडतं.

हे सोसण्यासाठी तो घडवलेलाही तसाच असतो. आत काचतंतूंच्या दोऱ्या, वर उष्णता सोसणारं कृत्रिम रबर, दात्यांवर नायलॉनचं कापड. काचतंतू ताणला जात नाही, म्हणून पट्ट्याची लांबी तसूभरही वाढत नाही आणि वेळ अचूक राहते. पण तोच काचतंतू तीक्ष्ण घडी सोसत नाही. नवा पट्टा हातात आल्यावर तो दुमडून, पिळून बघू नये, ते यामुळेच. आतला एखादा दोर तडकला तर तो बाहेरून दिसत नाही.

पूर्वी हे काम दातेरी चाकं किंवा साखळी करायची. पट्ट्यावर कॅमशाफ्ट फिरवणारी पहिली कारखानी मोटार म्हणून जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या १००४ या मॉडेलचं नाव घेतात, साल १९६२. पट्टा हलका, स्वस्त, आवाज न करणारा, तेलाची गरज नसलेला. डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००नं तो आपल्याकडे गल्लोगल्लीच्या गॅरेजात पोचवला, आणि पिंपरीत घडलेल्या टाटांच्या डिझेल इंडिकानं तो भाड्याच्या गाड्यांत नेला.

तुटतो तेव्हा

इंडिकाच्याच डिझेल इंजिनाचं माप घेऊ: १,४०५ सीसी, चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७९.५ मिलिमीटर. एका सिलिंडरची हवा ३५१ घनसेंटिमीटर. त्या पिढीच्या डिझेल इंजिनांत ती वीस-बावीस पट दाबली जायची, म्हणजे सारी हवा सतरा-अठरा घनसेंटिमीटरांत कोंबली जायची. एवढा दाब हवा तर पिस्टन अगदी छतापर्यंत गेलाच पाहिजे. वर उरलेली फट मिलिमीटरच्या आसपास. उघडा व्हॉल्व मात्र कित्येक मिलिमीटर खाली उतरलेला असतो. दोघांची जागा एकच. पिस्टन यायच्या आत व्हॉल्वनं ती मोकळी करायची, एवढाच त्यांच्यातला करार. तो करार पाळून घेतो पट्टा.

पट्टा तुटला की कॅमशाफ्ट आहे तिथेच थांबतो. काही व्हॉल्व उघडेच राहतात. गाडी मात्र वेगात असते, गिअरमध्ये असते, आणि चाकं क्रँकला फिरवतच राहतात. मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या गतीला पिस्टन तळापासून वर यायला १५ मिलिसेकंद घेतो. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. निव्वळ दशांश सेकंद धरला तरी तेवढ्यात क्रँकचे तीन फेरे होऊन जातात. चालकाचा पाय क्लचवर पोचायला एक सेकंद लागला तर तेहतीस फेरे. व्हॉल्व वाकतात, कधी पिस्टनला खड्डा पडतो, कधी हेड किंवा कॅमशाफ्ट जायबंदी होतो. काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांना लागतच नाहीत. तिथे गाडी नुसती बंद पडते आणि टोचन करून आणावी लागते. पण डिझेलवाल्यानं या सुटकेवर भरवसा ठेवू नये.

तुटणं तर दूरच, पट्टा एक दाता घसरला तरी गणित बिघडतं. वीस दात्यांच्या चाकावर एक दाता म्हणजे क्रँकचे १८ अंश. २,००० फेऱ्यांना ही चूक होते दीड मिलिसेकंदाची. जिथे एक अंश म्हणजे सेकंदाचा बारा हजारावा भाग, तिथे ही चूक फार मोठी. गाडी ओढत नाही, धूर सोडते, सुरू व्हायला त्रास देते.

मीटर जे मोजत नाही

किलोमीटरचा आकडा हा पट्ट्याच्या कामाचा अर्धाच पुरावा आहे. उन्हाळ्यात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. लग्नाच्या मांडवाबाहेर, दवाखान्यासमोर किंवा रामनवमीला पोहरादेवीच्या गर्दीत गाडी एसी लावून उभी राहते. मीटर जागचं हलत नाही. इंजिन मात्र मिनिटाला ८०० फेरे घेतच असतं. तासाला ४८,००० फेरे. आपल्या हिशेबात हे २० किलोमीटर झाले. रोज तासभर, वर्षातले ३०० दिवस गाडी अशी उभी चालली, तर वर्षाला ६,००० किलोमीटर मीटरवर न येताच पट्ट्याच्या अंगावर पडतात. माहूरकडच्या घाटात खालच्या गिअरमध्ये चढताना तर दर किलोमीटरचे फेरे सहज दीडपट होतात.

त्यात भर उष्णतेची. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की रबर म्हातारं होण्याची क्रिया साधारण दुप्पट वेगानं होते. वीस अंशांनी वाढलं तर चौपट. बॉनेटखालच्या उष्णतेत हा नियम वर्षभर काम करत असतो. शिवाय काळ्या मातीची धूळ. पट्ट्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण एकदा फुटलं किंवा नट हरवला म्हणून काढून ठेवलं, की बारीक खडे थेट दात्यांत जातात. क्रँकच्या सीलमधून गळणारं ऑइल पट्ट्यावर आलं तर रबर फुगतं आणि दाते सैल होतात.

म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत दोन मर्यादा दिलेल्या असतात: इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी येईल ते. ही दुसरी मर्यादा आपल्याकडे फार जण वाचत नाहीत. एकाच गावातल्या दोन गाड्या बघा. रोज २०० किलोमीटर धावणारी भाड्याची गाडी ३०० दिवसांत ६० हजार करते. तिचा पट्टा वर्षाला बदलायला येतो, आणि तिचा मालक हे पक्कं जाणून असतो. घरची गाडी वर्षाला ६ हजार चालते. तिला ६० हजार व्हायला दहा वर्षं लागतील. पुस्तिकेत पाच वर्षांची मर्यादा असेल तर ३० हजारांवरच तिची वेळ झाली. कमी चाललेली, जपलेली, सावलीत ठेवलेली गाडी इथेच फसते. मीटर बघून मालक निश्चिंत असतो आणि रबराची मुदत कधीच संपलेली असते.

रुपयांचा हिशेब

खर्च गाडीगणिक बदलतो, म्हणून हिशेबापुरते सोपे आकडे घेऊ. पट्टा, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, कूलंट आणि मजुरी मिळून ८,००० रुपये. पट्टा तुटून हेड खोलावं लागलं तर व्हॉल्व, गॅस्केट, लेथवरचं काम, मजुरी आणि टोचन मिळून वरचे ५०,००० रुपये. तुमच्या गाडीचे खरे आकडे मेकॅनिककडून घ्या आणि याच जागी घाला. रीत बदलत नाही.

८,००० रुपये ६० हजार किलोमीटरवर पसरले तर किलोमीटरला १३ पैसे पडतात. यवतमाळच्या एका खेपेला साडेनऊ रुपयेही नाहीत. डिझेल ९० रुपये लिटर आणि सरासरी १८ किलोमीटरची धरली, तर त्याच खेपेला ३५० रुपयांचं डिझेल जळतं. साठ हजार किलोमीटरला डिझेल लागतं ३ लाखांचं. ते आपण पंपावर मुकाट्यानं भरतो, आणि त्याच्या तीन टक्क्यांहूनही कमी असलेल्या पट्ट्याच्या बिलापाशी अडतो. कारण डिझेल थोडंथोडं जातं आणि पट्टा एकरकमी मागतो.

आता खरा प्रश्न. “आणखी वीस हजार चालवून बघू,” असं म्हणणाऱ्याची नेमकी किती बचत होते? त्याला वाटतं, ८,००० रुपये वाचले. पण पट्टा पुढे बदलायचाच आहे. बचत होते ती फक्त २० हजार किलोमीटरच्या वाट्याची. किलोमीटरला १३ पैशांपेक्षा किंचित जास्त, म्हणजे २,६६७ रुपये. तेवढ्यासाठी पणाला लागले ५०,००० रुपये. वीस जणांनी असा उशीर केला तर सगळ्यांची मिळून बचत ५३ हजारांच्या थोडी वर. त्यांतल्या एकाचा पट्टा तुटला की ५० हजार गेले, बचत जवळजवळ पुसली गेली. दोघांचे तुटले तर वीस जणांचा मिळून हा तोट्याचा व्यवहार. आणि तोटा वीस जणांत वाटला जात नाही. तो ज्याचा पट्टा तुटतो त्या एकट्याच्या दारात येतो, तोही बहुतेक वेळा दिग्रसपासून दूर, रस्त्यावर, घरच्या माणसांसह.

कोणत्या गाडीला, काय काय बदलायचं

सगळ्याच गाड्यांना पट्टा नसतो. बऱ्याच इंजिनांत लोखंडी साखळी असते आणि तिला अशी ठरावीक मुदत नसते. वेळेवर ऑइल बदलणं हीच तिची देखभाल. गाडीच्या नावावरून मात्र हे ओळखता येत नाही, इंजिनावरून ओळखावं लागतं. पहिल्या स्विफ्टचं १.३ पेट्रोल इंजिन पट्ट्यावर चालायचं, त्याच स्विफ्टचं १.३ डिझेल साखळीवर. जुन्या इनोव्हाच्या २.५ डिझेलला पट्टा, क्रिस्टाच्या २.४ डिझेलला साखळी. मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो, डिझेल इंडिका, जुनी सँट्रो, डिझेल डस्टर, डिझेल पोलो या पट्टेवाल्या गाड्या आजही तालुक्याच्या रस्त्यांवर दिसतात.

पट्टा बदलताना टेन्शनर आणि आयडलर जुनेच ठेवण्यात शहाणपण नाही. टेन्शनरच्या चाकाचा व्यास ६० मिलिमीटर असेल तर त्याचा घेर क्रँकच्या चाकाएवढाच भरतो. म्हणजे साठ हजार किलोमीटरला तोही १४ कोटींहून अधिक वेळा फिरलेला असतो. त्याचं बेअरिंग अडकलं तर काल घातलेला नवा पट्टाही तुटतो. पट्ट्यावर चालणाऱ्या वॉटर पंपाचं तेच. वर्षभरानं पंप गळाला तर तेच झाकण, तोच पट्टा पुन्हा उतरवावा लागतो आणि तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. क्रँक आणि कॅमचे सील गळत असतील तर तेही त्याच वेळी. काम झाल्यावर मेकॅनिकनं स्पॅनरनं, हातानं क्रँकचे पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा जुळतात का ते बघावं आणि मगच चावी मारावी. दोन मिनिटांचं हे काम इंजिन वाचवतं.

पट्ट्याकडे बघून त्याचं उरलेलं आयुष्य सांगता येईल, या भरवशावरही राहू नका. जुन्या रबराच्या पट्ट्यांना भेगा पडायच्या. आजचे पट्टे आतून संपले तरी वरून धड दिसू शकतात. जुनी गाडी विकत घेतली आणि पट्टा बदलल्याची पावती मिळाली नाही, तर तो बदललेला नाही असंच समजा. मीटर मागे फिरवता येतं. रबराचं वय मागे फिरवता येत नाही.

आज संध्याकाळी पाच मिनिटं काढा. गाडीची पुस्तिका उघडा, इंजिन पट्ट्याचं की साखळीचं ते बघा, किलोमीटर आणि वर्षं या दोन्ही मर्यादा लिहून घ्या. यांतली एकही ओलांडली असेल, तर पुढच्या लांबच्या प्रवासाआधी पट्टा, टेन्शनर आणि पंप एकत्र बदलून घ्या. बदलल्याची तारीख आणि मीटरचा आकडा झाकणावर रंगानं लिहायला सांगा आणि पावती गाडीतच ठेवा. किलोमीटरला तेरा पैशांत एवढं संरक्षण देणारं दुसरं काम गाडीत क्वचितच सापडेल.